शिळ्या पाण्याचं तळं

बाई, परवा शाळेत जाऊन आले. वर्गातल्या तुमच्या काचेच्या टाकीवर धूळ बसली होती, ती ओढणीनं पुसली. आतलं पाणी आटून गेलंय. तळाचा गाळ भेगाळलाय. तुम्ही शेवटचं पाणी घातलंत तेव्हा ते कुठवर होतं, ते काचेवरच्या पांढऱ्या रेघेवरून कळतं. त्यानंतर तुम्ही दवाखान्यात गेलात आणि आलाच नाहीत.

शिपाईमामा म्हणाले, "तू आलीस ते बरं झालं. हेडसर म्हणायलेत, ती रिकामी पेटी काढून टाका. मी म्हणलं, रिकामी कुठं हाय? बाईंचं तळं हाय त्यात."

शोकसभेत तुमच्या नोकरीची माहिती वाचून दाखवली, फोटोला हार घातला. माजी विद्यार्थिनी म्हणून माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, माईक हातात घेतला आणि परत दिला. मला जे बोलायचं होतं ते त्या लोकांशी नव्हतं. म्हणून आता तुम्हालाच लिहितेय. चुकलं तर तुम्ही नेहमी म्हणायचात तसंच समजा, "आधी दिसलं ते सांग कोमल, वाटलं ते नंतर."

मी नववीत होते त्या वर्षाची तुम्हाला मी आठवण करून द्यायला नको. आदल्या वर्षीही पाऊस नव्हता आणि त्या वर्षी तर पोळ्यालासुद्धा रानात चिखल दिसला नाही. गुरं छावणीत गेली होती. गुरं गेली म्हणून दूध संस्थेला कुलूप लागलं. गावाला टँकर चालू होता. दसरा झाला की घरोघर एकच बोलणं सुरू व्हायचं, कोणता कारखाना, कोणता मुकादम, गाडी कधी निघणार. आमच्या घरात त्या वर्षी एक बोलणं जास्तीचं होतं. दिवाळीची पहिली आंघोळ झाली की मीही आप्पा आणि मायसोबत ऊसतोडीला जायचं होतं. धाकटा भाऊ नुकता चालायला लागला होता. माय फडात असताना त्याला सांभाळायला, फडाशेजारच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, भाकरी करायला, पाणी आणायला कुणीतरी हवं होतं. तसं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही काही बोलले नव्हते.

तुम्ही लातूरकडून नुकत्याच बदलून आल्या होतात. सगळ्या शाळेत मॅडम म्हणायची पद्धत, पण तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "बाई म्हणा. मॅडम म्हटलं की मला वाटतं मागं कुणी साहेब उभे आहेत." वर्ग हसला. मग तुम्ही परिसंस्थेचा धडा उघडला. पुस्तकात लिहिलं होतं, जवळच्या तळ्याला भेट द्या आणि निरीक्षण करा.

मागच्या बाकावरून दत्ता म्हणाला, "बाई, तळ्यात जाऊन काय बघायचं? तिथं आमची क्रिकेटची मॅच चालूय."

आम्हाला वाटलं तुम्ही रागवाल. तुम्ही विचारलं, "पिच कुठं आहे?"

"मधोमध. लई कडक हाय. बॉल उसळतोय."

"मग उद्या फावडं घेऊन चला. मला तुमचं पिच हवंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गावाबाहेरच्या पाझर तलावात उतरलो. पाण्याचा थेंब नसलेल्या तळ्याच्या बरोबर मध्यभागी तुम्ही पदर खोचून बसलात आणि गाळाची ढेकळं उपटायला लागलात. पोरं हळहळत होती. "बाई, गुड लेंथवरचं नका घेऊ की!" तुम्ही म्हणालात, "तेच हवंय. पाणी सगळ्यात शेवटी जिथून गेलं, तिथला गाळ." मग एक ढेकूळ हातावर घेऊन म्हणालात, "ह्यात तळं आहे. फक्त त्याला अजून पाणी मिळालेलं नाही."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. खरं सांगते बाई, त्या दिवशी आम्हाला वाटलं, लातूरची बाई जरा येडी दिसतीय.

काचा तुम्ही दूध संस्थेकडून मागून आणल्यात. काउंटरच्या काचा होत्या. चेअरमन म्हणाले, "न्या. दूधच न्हाई तर काचेआड ठिवू काय?" एका काचेवर लाल रंगात संस्थेचं नाव होतं. कापताना त्यातलं फक्त "सहकारी" एवढंच उरलं. त्या काचा गोधडीत गुंडाळून तुम्ही, मी आणि दत्ता एस.टी.नं मांजरसुंब्याला गेलो, कारण तिथल्या फाट्यावर ट्रकच्या काचा बसवणारा माणूस तुम्ही येता-जाता बघून ठेवला होता. तुम्ही आम्हाला ढाब्यावर चहा पाजलात. तो माणूस सांधे चिकटवता चिकटवता म्हणाला, "आमी पाणी आत येऊ न्हाई म्हणून काच बशिवतो. तुमी पाणी भाईर जाऊ न्हाई म्हणून बशिवायलात. आजवर असं गिऱ्हाईक न्हाई आलं."

रंगाची बाजू त्यानं चुकून आत बसवली. बाहेरून "सहकारी" उलटं दिसायला लागलं. दत्ता तक्रार करायला लागला, तर तुम्ही म्हणालात, "असू दे. आपल्याला उलटं दिसलं तरी आतल्यांना सरळ दिसेल. संस्था त्यांची आहे."

तळ्यात एका बाजूला गाळ उंच रचून तुम्ही काठ केलात, दुसऱ्या बाजूला खोलगट भाग ठेवलात. वरून झाकायला एक काच ठेवलीत, म्हणजे वाफ होऊन वर गेलेलं पाणी थेंबाथेंबानं पुन्हा खाली येईल. "दुष्काळातलं तळं आहे," म्हणालात, "त्यानं काटकसर करायलाच हवी."

आणि मग पाणी आणायला सांगितलंत. प्रत्येकानं घरून थोडं थोडं.

टँकर त्याच दिवशी आला होता. जो तो घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घेऊन आला. कुणी फडक्यातून गाळून, कुणी वरचं वरचं घेऊन. मायनं मला तांब्या भरून देताना वर ताटली झाकली होती. तळ्याला द्यायचं म्हणजे जणू देवाला द्यायचं होतं. तुम्ही गाळाजवळ तळहात धरलात आणि हातावरून पाणी सोडलंत. गाळ उठू नये म्हणून. शेवटी पाणी "सहकारी"च्या पायापर्यंत आलं.

रोज प्रार्थनेआधी आम्ही काचेला नाक लावून उभे राहायचो. फळ्याच्या कोपऱ्यात एकानं एक वाक्य लिहायचं, फक्त दिसलेलं. पहिल्या दिवशी, "पाणी गढूळ आहे." मग, "पाणी निवळले." मग, "पाणी स्वच्छ आहे." मग परत तेच. पाणी इतकं स्वच्छ झालं की पलीकडच्या पोरांचे दात दिसायचे. पण आत काहीच हललं नाही. पोरं टोमणे मारायला लागली. "पिच बी गेलं आन् तळं बी न्हाई झालं."

एका सकाळी तुम्ही शाळेच्या माठातलं पाणी प्यालात आणि तोंड वाकडं केलंत. मग ग्लास हातात तसाच धरून वर्गात आलात, टाकीची काच उचलून वास घेतलात, आणि आमच्यासमोर उभ्या राहिलात.

"चूक माझी आहे," म्हणालात. "पलीकडच्या वस्तीवर हगवणीची साथ आहे म्हणून टँकरच्या पाण्यात पावडर जास्त टाकतायत. जी पावडर आपल्या पोटातले जंतू मारते, तीच मी ह्या जिवांवर ओतली. जे आधी बाहेर आले असतील ते मेले. मला हे कळायला हवं होतं. मी विचार केला नाही."

शिकवणारं माणूस उभं राहून "माझी चूक" म्हणतं, हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. शाळेत नाही, घरात नाही, गावातल्या कुठल्या सभेत तर नाहीच.

दत्ताला राहवलं नाही. "पर बाई, लई चांगलं पाणी हुतं ते."

"चांगलंच होतं रे. तुम्ही तुमच्यातलं सगळ्यात चांगलं दिलंत. पण त्यांचं चांगलं वेगळं आहे. त्यांना शिळं पाणी हवं. पसरट भांड्यात, उघड्यावर, उन्हात ठेवलेलं. पावडर उडून गेलेलं."

आमच्याकडं नवं पाणी आलं की शिळं गुरांपुढं ठेवतात, बाई. त्या वर्षी गुरं छावणीत होती, शिळ्या पाण्याला धनी नव्हता. दुष्काळात कुणाला नको असलेलं तेवढंच एक पाणी होतं, आणि ते तुम्ही मागितलंत.

मग तुम्ही तो मेलेला वर्ग सावरलात. म्हणालात, "गाळात सुकून पडलेली सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. तळ्यातले हे जीव पिढ्यान् पिढ्या कोरड्यात राहिलेत. पहिल्या पाण्याला काही बाहेर येतात, काही मागं राहतात. पहिल्यांचं काही बरंवाईट झालं तर मागच्यांवर तळं उभं राहतं."

हे वाक्य मी घरी घेऊन गेले. मला वाटलं, मला हवं होतं ते सापडलं. रात्री जेवताना आणि सकाळी उठल्यावर मी आप्पांना तेच सांगत राहिले. आणि त्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, माझं ऊसतोडीला जायचं कानावर आलं म्हणून तुम्ही आमच्या दारात आलात. तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, कारण आमच्याकडं बसायला खुर्ची नव्हती. तुम्ही उंबऱ्यावरच बसलात.

आप्पा म्हणाले, "बाई, ही सकाळधरनं किड्यांची गोष्ट सांगायलीय. काही अंडी मागं ऱ्हातेत म्हणं, म्हणून मला बी मागं ठिवा. आता किड्याचं किड्यापाशी. मान्साला पोट हाय."

मला वाटलं, आता तुम्ही माझी बाजू घेणार. तुम्ही म्हणालात, "बरोबर बोलताय आप्पा. किड्याचं किड्यापाशी."

मी तुमच्याकडं बघत राहिले.

"कोमल," तुम्ही म्हणालात, "त्या अंड्यांनी काही ठरवलेलं नसतं. त्यांच्या आड लपू नको. तुला काय हवंय ते तुझ्या तोंडानं सांग."

चुलीत काहीतरी तडतडलं. माय भाकरी उलटायची थांबली. मी म्हटलं, "मला न्हाई यायचं. मला शाळेत बसायचंय."

एवढंच. पण त्या घरात "मला" असं मी पहिल्यांदा म्हटलं होतं. आप्पांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "ऱ्हायल कुठं? वयात आलेली पोर."

"माझ्याकडं."

"तुमी बी एकल्याच की हो बाई."

"म्हणूनच म्हणतेय. मला सोबत होईल. आणि मला भाकरी थापता येत नाही, ती शिकवेल."

मायला हसू आवरेना. "अगं बया! येवढ्या शिकल्या आन् भाकर न्हाई येत?" मग हसणं थांबलं. ती भावाकडं बघत होती. तो तिच्या मांडीवर झोपला होता. "ऱ्हाऊ द्या तिला," ती आप्पांना म्हणाली, "ह्याचं आन् भाकरीचं माझं मी बगीन."

तुम्ही तेव्हा मायकडं बघितलंत ते मला आठवतं.

गाडी निघायच्या सकाळी ट्रॅक्टर शाळेसमोरच्या रस्त्यावर उभा होता. शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली, पण वर्ग उघडून तुम्ही आणि मी टाकीपाशी होतो. दोन दिवस उन्हात ठेवलेलं शिळं पाणी घालून काही दिवस झाले होते. माय चपला हातात घेऊन वर्गात आली. काचेपाशी वाकली. पाण्यात पांढरे, सुईच्या टोकाएवढे ठिपके थांबत थांबत उड्या मारत होते.

"हलायलंय की!" माय म्हणाली. मग तुम्हाला विचारलं, "शिळ्यावर जगतंय व्हय हे?"

"शिळ्यावरच."

बाहेर मुकादम हॉर्न वाजवत होता. मायनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. तुम्ही मला रडू दिलंत. मग हातात खडू दिलात. सुट्टीतल्या रिकाम्या वर्गात मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, "पाण्यात काहीतरी हलत आहे."

त्या तळ्यानं पुढं आम्हाला काय काय दाखवलं! पाणपिसवा झाल्या. उताणं पोहणारं, नखाएवढं, अंगातून आरपार दिसणारं एक जनावर झालं, त्याला पोरांनी "बॅकस्ट्रोक" नाव ठेवलं. काठावर लव्हाळ्याचा हिरवा कोंब आला. गाळातून एक गोगलगाय निघाली. ती दिवसभर काचेवर चिकटून शेवाळ खायची आणि जागची हलायची नाही. दत्तानं तिला चेअरमन केलं. संस्था सहकारी होती ना! तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणालात, "पण चेअरमननं काच स्वच्छ ठेवलीय, हेही लिहा. दिसलं ते सगळं लिहायचं."

तुमच्या खोलीवर मी दोन हंगाम राहिले. तुमच्या भाकरीला शेवटपर्यंत काठ नीट आला नाही. तुम्ही ती तव्यावर टाकताना एक बाजू दुमडायचीच. त्या दुमडलेल्या भाकरी खाऊन मी दहावी झाले, आणि आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिली झाले. लोक म्हणतात, बाईंनी पोरीचं आयुष्य घडवलं. तुम्हाला हे वाक्य आवडलं नसतं. तुम्ही म्हणाला असतात, घडवायला ती काय मडकं आहे?

पण आपलं एक भांडण राहिलंय, बाई.

दहावीच्या वर्षी माय हंगामावरून परत आली तेव्हा तिच्या हाताची बोटं मिटत नव्हती. मी तुमच्या खोलीवर येऊन तुमच्यावरच चिडले. म्हटलं, "तुम्ही शिकवलंत, काही मागं राहतात म्हणून तळं राहतं. पण जे मागं राहतं त्याचं ओझं कुणावर पडतं, ते धड्यात का नाही?" तुम्ही म्हणालात, किड्यांमध्ये ओझं नसतं. मी म्हटलं, मी माणसांचं विचारतेय. तुम्ही चष्मा काढून ठेवलात. मग म्हणालात, "मला उत्तर येत नाही." दुसऱ्या कुणी असतं तर मला समजावलं असतं, शिकून मायला सुख दे वगैरे. तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत. दवाखान्यातून फोन केलात तेव्हाही, आवाज ओढत, म्हणालात, "तुझा प्रश्न अजून माझ्याकडंच आहे बरं का." मी म्हटलं, बाई, आराम करा. ते आपलं शेवटचं बोलणं.

तुम्ही टँकरच्या पाण्याची चूक एका दमात कबूल केलीत, आणि हा प्रश्न इतकी वर्षं जवळ बाळगलात. तुमच्यातलं मला सगळ्यात मोठं काय वाटतं ते हेच आहे. कॉलेजात माझे प्राध्यापक पुष्कळ शिकलेले आहेत. मी त्यांना प्रश्न विचारते तेव्हा मनातल्या मनात थांबून बघते, "येत नाही" असं कोण म्हणतं.

परवा शाळेतून घरी गेले. माय अजून घरीच आहे, गाडी दिवाळीनंतर निघेल. भाऊ आता तिसरीत आहे. तो हंगामात शाळेसाठी मागं राहतो, आणि तो राहणार का असं आता घरात कुणी विचारतही नाही. मी मायला टाकीचं काही सांगितलं नाही, फक्त आटलीय एवढं म्हटलं. ती "हं" म्हणाली.

आज सकाळी शाळेत जायला निघाले तर अंगणात उन्हाला पसरट पातेलं. त्यावर पातळ फडकं. शेजारची काकू हात घालायला गेली तशी माय आतून ओरडली, "त्याला शिवू नका! बाईंच्या तळ्याचं हाय."

"कधी भरलंस?" मी विचारलं.

"परवाच. तू आलीस तवाच भरून ठिवलं. शिळं हाय, बिनघोर घाल."

आम्ही दोघी पातेलं धरून शाळेत गेलो. शिपाईमामांनी वर्ग उघडला. मी हात पुढं करणार तोच मायनं आपला तळहात गाळाजवळ धरला. तिची बोटं अजून पुरती मिटत नाहीत, त्यामुळं पाणी चार ठिकाणांहून खाली जात होतं, पण हळूच. गाळ उठला नाही.

पाणी ओतता ओतता मी विचारलं. तुम्हाला विचारलं होतं, तिला कधीच विचारलं नव्हतं. "माय, मी मागं राहिले तवा तुला लई जड गेलं का?"

तिनं वर बघितलं नाही. "गेलं की," म्हणाली. "जड गेलं. न्हाई कशाला म्हणू? नीट धर, सांडायलंय."

बाई, तुमच्याकडं होता तो प्रश्न आता खाली ठेवा. त्याचं उत्तर एवढंच होतं, आणि ते ज्याचं त्यानंच द्यायचं होतं.

पाणी "सहकारी"च्या पायापर्यंत आलंय. फळ्याच्या कोपऱ्यात मी लिहिलं, "पाणी गढूळ आहे." माय काचेपाशी बसून राहिली. उठ म्हटलं तर म्हणाली, "थांब. गाडी निघायच्या आत हललं तर बगून जाईन."